बर्फाखालील ट्राउट मासेमारी

बर्फाखालील ट्राउट मासेमारी म्हणजे गोठलेल्या सरोवराच्या पृष्ठभागावरील बर्फाला भोक पाडून, त्यातून गळ सोडून ट्राउट वर्गातील मासे पकडण्याची पद्धत होय. कॅनडा, अमेरिकेची उत्तरेकडील राज्ये, फिनलंड, स्वीडन, नॉर्वे आणि रशिया या थंड प्रदेशांत ती प्रचलित आहे. पूर्वी हे उपजीविकेचे साधन होते. आज बहुतेक ठिकाणी त्याला छंदाचे व पर्यटनाचे रूप आले आहे. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांत आणि त्याच्या आसपासचा अमेरिकेतील सरोवरांचा प्रदेश विचारात घेतला आहे.

या हंगामाचा अखेरचा टप्पा, म्हणजे साधारणतः फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून बर्फ फुटेपर्यंतचा काळ, मासेमारांना विशेष प्रिय असतो. दिवस मोठा होतो, बोचरी थंडी ओसरते आणि मासेही अधिक हालचाल करू लागतात. मात्र याच काळात बर्फ दिसायला जाड राहूनही आतून दुबळा होत जातो. शिवाय ज्या जागी ट्राउट गोळा होतात, त्यांतील अनेक जागा नेमक्या बर्फ सर्वांत आधी खचण्याच्या जागा असतात. सरत्या हिवाळ्यातील मासेमारीचे सारे कौशल्य आणि सारा धोका या एका योगायोगात आहे. तो योगायोग का घडतो, हे समजण्यासाठी बर्फाखालच्या पाण्याकडे पाहावे लागते.

बर्फाखालचे पाणी

बहुतेक द्रव थंड होताना आकुंचन पावतात व जड होतात. पाणी मात्र सुमारे ४ अंश सेल्सियसपर्यंतच आकुंचन पावते. त्याखाली ते पुन्हा प्रसरण पावू लागते. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना हा भाग ‘पाण्याचे असंगत आचरण’ या नावाने आणि होपच्या उपकरणाच्या प्रयोगामुळे परिचित आहे. प्रयोगशाळेतील त्या उंच पात्रात जे घडते, तेच गोठणाऱ्या सरोवरात मोठ्या प्रमाणावर घडते. ४ अंशांचे जड पाणी तळाशी बसते, त्याहून थंड व हलके पाणी वर राहते आणि अगदी वरचा थर शून्य अंशाला गोठतो. बर्फ पाण्याहून हलका असल्याने तो तरंगत राहतो आणि खालच्या पाण्यावर झाकणासारखे काम करतो. पाणी इतर द्रवांप्रमाणे वागले असते, तर सरोवरे तळापासून गोठत वर आली असती आणि त्यांत मासे उरलेच नसते.

उन्हाळ्यात याच्या उलट स्थिती असते. वरचे पाणी तापते आणि थंडपसंत ट्राउटला खोल, गार थरात अडकून राहावे लागते. हिवाळ्यात हे बंधन सुटते. तळापासून बर्फाच्या खालच्या अंगापर्यंत कोठेही पाणी ० ते ४ अंशांच्या दरम्यान असते. त्यामुळे उन्हाळ्यात तीस मीटर खोलीवर राहणारा मासा मार्च महिन्यात बर्फापासून हातभर अंतरावरून पोहत जाताना दिसू शकतो. खोल पाण्यातला मासा म्हणून त्याला केवळ तळाशी शोधत बसणे, ही नवशिक्याची नेहमीची चूक आहे.

दुसरा निर्णायक घटक म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. बर्फाचे झाकण बसले की हवेतून ऑक्सिजन मिळणे थांबते. बर्फावर हिमाचा थर साचला की प्रकाशही अडतो आणि पाण्यातील शेवाळाचे प्रकाशसंश्लेषण मंदावते. तळाच्या गाळातील कुजण्याची क्रिया मात्र चालूच राहते आणि ती शिल्लक ऑक्सिजन वापरत जाते. म्हणून हिवाळा जसजसा लांबतो, तसतसे तळाजवळचे पाणी गुदमरते होते. उथळ व गाळाने समृद्ध तळ्यांत यामुळे मासे मोठ्या संख्येने मरतात. खोल, स्वच्छ व खडकाळ सरोवरांत साठाच मोठा असल्याने तो वसंतापर्यंत पुरतो. ट्राउटची सरोवरे बहुधा याच प्रकारची असतात.

मार्चमध्ये चित्र पालटू लागते. बर्फावरचे हिम वितळते, प्रकाश खाली उतरतो, शेवाळ पुन्हा कामाला लागते. वितळलेले पाणी भेगांतून, जुन्या भोकांतून आणि ओढ्यांच्या मुखांतून सरोवरात शिरते. त्याबरोबर ताजा ऑक्सिजन व बारीक जीवजंतूही येतात. मासे त्या दिशेने सरकतात. मासेमार त्यांच्या मागे जातात.

ट्राउटच्या जाती

‘ट्राउट’ हे एका जातीचे नाव नाही. सॅल्मन कुलातील तीन निरनिराळ्या प्रजातींमधील माशांना इंग्रजी व्यवहारात हे एकच नाव मिळाले आहे. मराठीत त्याला स्वतंत्र शब्द नाही, कारण महाराष्ट्रातील नद्या व तलावांचे पाणी या माशाला सोसणारे नाही.

बर्फाखालील मासेमारीत सर्वांत मानाचा मासा म्हणजे लेक ट्राउट. त्याचे शास्त्रीय नाव सॅल्व्हेलिनस नमेकुश असे आहे. ‘नमेकुश’ हा शब्द उत्तर अमेरिकेतील अल्गॉनक्वियन कुळातील भाषांतून घेतलेला असून, वर्गीकरणाच्या दृष्टीने हा मासा खरा ट्राउट नसून ‘चार’ या गटात मोडतो. करड्या अंगावर फिकट ठिपके व खोल दुभंगलेली शेपटी ही त्याची ओळख. तो उत्तर अमेरिकेच्या थंड, खोल सरोवरांचा मूळ रहिवासी आहे. विणीचा हंगाम शरद ऋतूत असतो. खडकाळ उथळावर अंडी घातली जातात व ती हिवाळाभर दगडांच्या फटींत वाढतात. या माशाची वाढ फार मंद असते. प्रजननक्षम होण्यास त्याला सहा-सात किंवा त्याहून अधिक वर्षे लागतात आणि मोठा नमुना वीस-पंचवीस वर्षांचा असू शकतो. भोकातून वर आलेल्या अशा माशाचे वय तो पकडणाऱ्या तरुणापेक्षा अधिक असणे अशक्य नाही.

लेक ट्राउटची शिकार करण्याची रीत त्याच्या शरीररचनेशी निगडित आहे. पर्चसारख्या माशांचा वाताशय बंद असतो. खोलीतून घाईने वर आल्यास त्यातील वायू प्रसरण पावून माशाला इजा होते. लेक ट्राउटचा वाताशय मात्र अन्ननलिकेला जोडलेला असल्याने तो वर येताना वायू तोंडावाटे सोडून देऊ शकतो. त्यामुळे तो तळापासून बर्फापर्यंत आमिषाचा पाठलाग निर्धास्तपणे करतो. अनुभवी मासेमार आमिष तळाशी नेऊन एकदम वेगाने वर ओढू लागतात, कारण पळणारे भक्ष्यच या माशाला चेतवते. गळाला लागलेला लेक ट्राउट वर येताना त्याच्या आधी भोकात बुडबुडे उमटतात, ते याच वायूचे. सिस्को, स्मेल्ट, व्हाइटफिश हे लहान-मध्यम मासे त्याचे अन्न होय. ज्या सरोवरांत असे मासे नसतात तेथे तो सूक्ष्म प्राणिजीवांवर जगतो आणि आकाराने लहानच राहतो.

ब्रूक ट्राउट हाही ‘चार’ गटातला. सॅल्व्हेलिनस फॉन्टिनॅलिस या नावातील दुसऱ्या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘झऱ्यांचा’ असा आहे, आणि तो हिवाळ्यात अक्षरशः खरा ठरतो. पूर्व उत्तर अमेरिकेतील या देखण्या माशाच्या पाठीवर नागमोडी रेषा, अंगावर निळ्या कड्यातील लाल ठिपके आणि खालच्या परांना पांढरी किनार असते. बर्फाखाली तो काठालगत, अनेकदा एक-दोन मीटर पाण्यात, बुडालेल्या ओंडक्यांच्या आडोशाला, ओढ्याच्या मुखाशी किंवा तळातून झरा फुटतो तेथे सापडतो. झऱ्याचे पाणी भोवतालच्या पाण्यापेक्षा किंचित उबदार असते. तीच ऊब वरचा बर्फ खालून खात असते. इतक्या उथळ पाण्यात पावलांचा आवाज माशाला जाणवतो. म्हणून भोके आधी पाडून ठेवून, काही वेळाने हलक्या पावलांनी परत येण्याची पद्धत आहे. ब्रूक ट्राउट अल्पायुषी असतो आणि सहज फसतो. गळाने पकडलेल्या ब्रूक ट्राउटचा विक्रम साडेचौदा पौंडांचा, म्हणजे सुमारे साडेसहा किलोंचा असून तो ऑन्टॅरिओतील निपिगॉन नदीत, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात नोंदला गेला. शंभर वर्षे उलटली तरी तो मोडलेला नाही.

लेक ट्राउटच्या मादीची अंडी ब्रूक ट्राउटच्या नराकडून फलित करून मत्स्यबीज केंद्रांत ‘स्प्लेक’ हा संकर तयार करतात. तो लेक ट्राउटपेक्षा लवकर वाढतो. ऑन्टॅरिओत व शेजारच्या काही राज्यांत तो मुद्दाम सोडला जातो.

रेनबो ट्राउट हा मूळचा पॅसिफिक महासागराच्या खोऱ्यातील मासा. पूर्वी त्याची गणना युरोपीय ट्राउटबरोबर होत असे. १९८९ मध्ये त्याला पॅसिफिक सॅल्मनच्या ऑन्कोरिंकस प्रजातीत हलवून ऑन्कोरिंकस मायकिस हे नाव देण्यात आले. वरील दोन्ही मासे शरदात वितात, तर रेनबो वसंतात. त्यामुळे सरत्या हिवाळ्यात, बर्फ अजून असतानाच, तो ओढ्यांच्या मुखांकडे ओढला जातो. तो बर्फाच्या लगेच खाली, एक ते तीन मीटरांच्या थरात फेऱ्या मारत राहतो. म्हणून अनेकदा सोनार यंत्रापेक्षा भोकात डोकावून पाहणारा डोळाच अधिक कामी येतो. लहान तळ्यांत दरवर्षी मत्स्यबीज सोडून याची मासेमारी चालवली जाते. नवशिक्यांनी व मुलांनी सुरुवात करावी ती याच माशापासून.

युरोपातून एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात अमेरिकेत आणलेला ब्राऊन ट्राउट, म्हणजे साल्मो ट्रुटा, सर्वांत सावध समजला जातो. तो पहाटे व सायंकाळी तळालगत चरतो आणि दुपारी बहुधा कोणाच्याही हाती लागत नाही.

साधने व पद्धती

भोक पाडण्यासाठी पूर्वी लांब दांड्याची लोखंडी पहार वापरत. आता मोठे गिरमिट वापरतात. ते हाताने, पेट्रोलवर किंवा विद्युत्घटावर चालते. ट्राउटसाठी साधारणतः १५ ते २५ सेंटिमीटर व्यासाचे भोक पुरते. मोठ्या लेक ट्राउटची अपेक्षा असल्यास भोक रुंद ठेवावे लागते. अन्यथा मासा तोंडाशी येऊन आडवा होतो आणि धारदार काठावर दोर तुटतो. भोकातील बर्फाचा चुरा काढण्याचे साधन स्वयंपाकघरातील झाऱ्याचाच मोठा भाऊ आहे. पहार मात्र आजही टाकून द्यायची नसते. चालताना पुढच्या बर्फावर तिचा घाव घालून पाहणे, हा तिचा आजचा उपयोग गिरमिटापेक्षा मोलाचा आहे.

मासेमारीच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिलीत हातभर लांबीच्या आखूड काठीने आमिष सतत खालीवर नाचवतात. लेक ट्राउटसाठी पांढरे रबरी आमिष किंवा चमकदार धातूची पाती, ब्रूक व रेनबोसाठी छोटा गळ व त्यावर अळी, अशी साधारण निवड असते. दुसरीत भोकावर एक चौकट ठेवून तिच्या फिरकीचा दोर खाली सोडतात. मासा ओढू लागला की स्प्रिंगची झेंडी उभी राहते आणि मासेमार बर्फावरून धावत येतो. मेन राज्यात ही झेंडीची पद्धत फार लोकप्रिय असून तेथे एका व्यक्तीला पाच दोर लावता येतात. ऑन्टॅरिओत सामान्यतः दोनच दोरांना परवानगी आहे. दोर नजरेसमोर व ६० मीटरांच्या आत असावे लागतात.

सोनार यंत्राने या छंदाचे स्वरूप बदलून टाकले. पडद्यावर आमिष एक रेघ म्हणून दिसते आणि तळातून दुसरी रेघ वर येऊ लागली की मासा निघाला हे कळते. पूर्वी जो अंदाज होता तो आता पाठलाग झाला आहे. यातील मौज मान्य करूनही, मासा दिसत असताना थांबणे अधिक कठीण जाते हे नोंदवायला हवे.

सरत्या हिवाळ्यातील बर्फ

बर्फाची जाडी ही त्याच्या ताकदीची खूण आहे, ही समजूत डिसेंबर-जानेवारीत बहुतांशी खरी असते. नव्या, पारदर्शक, काळसर दिसणाऱ्या बर्फाबाबत प्रचलित मार्गदर्शन असे, की एका व्यक्तीला चालण्यासाठी किमान १० सेंटिमीटर आणि हिमवाहनासाठी त्याहून अधिक, साधारण १३ ते १८ सेंटिमीटर जाडी असावी; मोटारीसाठी ती सुमारे दुप्पट लागते. हिम भिजून पुन्हा गोठल्याने बनलेला पांढरा, अपारदर्शक बर्फ पारदर्शक बर्फाच्या निम्म्याच ताकदीचा धरतात. कोणताही बर्फ पूर्णतः सुरक्षित नसतो, हे वाक्य मात्र सर्व शासकीय पत्रकांत आवर्जून असते.

मार्चमधील बर्फाला हे कोष्टक लागू पडत नाही. सरोवराचा बर्फ उभ्या स्फटिकांचा बनलेला असतो. कलता सूर्य वर चढू लागला की त्याची उष्णता या स्फटिकांच्या सांध्यांमध्ये शोषली जाते आणि सांधे वितळतात. बर्फाची जाडी फारशी कमी होत नाही; पण अखंड लादीऐवजी एकमेकींना टेकून उभ्या असलेल्या असंख्य मेणबत्त्यांची जुडी तेवढी उरते. यालाच ‘मेणबत्ती-बर्फ’ म्हणतात. असा बर्फ अर्धा मीटर जाड असूनही पायाखाली विस्कटू शकतो. त्यातून तो दिवसातून दोनदा स्वभाव बदलतो. रात्रीच्या थंडीत सांधे पुन्हा गोठल्याने सकाळी तो कठीण लागतो, आणि त्याच वाटेने दुपारी परतणाऱ्याला दगा देतो.

काठ सर्वांत आधी सुटतो, कारण उथळ पाण्याखालची व भोवतालची गडद जमीन ऊन शोषून घेते. त्यानंतर ओढ्यांची मुखे, झऱ्यांच्या जागा, अरुंद खाड्या, बुडालेल्या झाडांभोवतालचा भाग. ब्रूक व रेनबो ट्राउटच्या आवडत्या जागांची यादी वेगळी करावी लागत नाही.

मोठ्या सरोवरांत वाऱ्याचा धोका वेगळा असतो. २००९ च्या फेब्रुवारीत ओहायो राज्याच्या किनाऱ्याजवळ ईरी सरोवरात एक प्रचंड हिमखंड वाऱ्याने किनाऱ्यापासून सुटला. त्यावरील १३० हून अधिक मासेमारांना हेलिकॉप्टर व नौकांनी वाचवावे लागले. एकाचा मृत्यू झाला. ते ट्राउटसाठी आलेले नव्हते, पण प्रसंग या हंगामाचा नमुना म्हणून सांगितला जातो. विशेष म्हणजे बर्फाला पडलेली भेग आधीच दिसली होती आणि ती ओलांडण्यासाठी काहींनी लाकडी फळ्यांचा पूलही केला होता. भेग रुंदावल्यावर तो कामाचा राहिला नाही.

थंड पाण्यात पडलेल्या माणसाविषयी मॅनिटोबा विद्यापीठातील गॉर्डन गिसब्रेख्ट यांनी केलेले संशोधन प्रसिद्ध असून ‘एक-दहा-एक’ हे सूत्र त्यातून रूढ झाले. पहिल्या एका मिनिटात अनावर धाप लागते. त्या वेळी तोंड पाण्याबाहेर ठेवून श्वास ताब्यात आणणे एवढेच करायचे. पुढची सुमारे दहा मिनिटे हातपाय उपयोगी हालचाल करू शकतात. शुद्ध हरपण्यास मात्र साधारण एक तास लागतो. म्हणजे घाबरून पहिली मिनिटे वाया न घालवणाऱ्यास सुटण्यास वेळ असतो. ज्या दिशेने आलो त्याच दिशेला वळावे, कारण तिकडच्या बर्फाने वजन पेलले होते. हात बर्फावर पसरून पाय पोहल्यासारखे मारावेत आणि वर येताच उभे न राहता लोळत दूर जावे. गळ्यात अडकवलेले दोन टोकदार खिळे निसरड्या बर्फात रोवण्यास फार उपयोगी पडतात. बंद खोपटात शेगडी पेटवल्यास कार्बन मोनॉक्साइडमुळे गुदमरण्याचा धोका असतो. त्यासाठी वायुवीजन आवश्यक आहे.

इतिहास

बर्फातून मासे पकडण्याची कला उत्तर अमेरिकेच्या आदिवासी समाजांनी युरोपीय येण्याच्या कितीतरी आधी विकसित केली होती. अनिशिनाबे लोक भोकावर कातड्याचा किंवा घोंगडीचा अंधारा आडोसा करून त्याखाली पालथे पडत. अंधारामुळे पाणी तळापर्यंत स्वच्छ दिसे. हातातील कोरीव लाकडी मासा दोरीने नाचवून खरा मासा जवळ आणायचा आणि भाल्याने टिपायचा. हे लाकडी मासे आज संग्रहालयांत कलावस्तू म्हणून मांडलेले आढळतात. आर्क्टिकमधील इनुइट लोकांचा ‘ककिवाक’ हा तीन टोकांचा भाला अशाच कामाचा: मधले टोक मासा भेदते आणि बाजूची दोन लवचीक टोके त्याला धरून ठेवतात. त्याने प्रामुख्याने आर्क्टिक चार हा ट्राउटचा निकटचा नातलग पकडला जाई.

एकोणिसाव्या शतकात न्यू इंग्लंडमधील तळ्यांवर बर्फ कापण्याचा मोठा धंदा उभा राहिला. फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने तेथील बर्फ १८३३ मध्ये कलकत्त्याला पाठवला आणि पुढे तो मुंबई व मद्रास येथेही पोहोचू लागला. तळ्यावरच्या बर्फाशी मुंबईकरांचा आलेला हा बहुधा पहिला संबंध.

खरा बदल घडवला तो हिमवाहनाने. क्वेबेकमधील जोसेफ-आर्मां बाँबार्डिए यांच्या कंपनीने १९५९ मध्ये ‘स्की-डू’ हे हलके वाहन बाजारात आणले. तोपर्यंत अरण्यातील अनेक ट्राउट सरोवरांचे रक्षण कायद्यापेक्षा अंतरच अधिक करीत होते. दोन दिवसांची पायपीट दोन तासांवर आली आणि ते संरक्षण नाहीसे झाले.

माशांचा साठा आणि नियम

लेक ट्राउटची सरोवरे स्वच्छ असतात याचे कारण त्यांत पोषकद्रव्ये थोडी असतात; म्हणूनच त्यांचे मत्स्योत्पादनही थोडे असते. अशा सरोवरातून दर हेक्टरी दर वर्षी सुमारे अर्धा किलोपेक्षा अधिक लेक ट्राउट काढल्यास साठा टिकत नाही, असा अंदाज मत्स्यव्यवस्थापनात दीर्घकाळ आधारभूत मानला गेला आहे. शंभर हेक्टरांच्या तळ्याचा हिशोब केल्यास वर्षाकाठी पन्नास किलो, म्हणजे मध्यम आकाराचे काही डझन मासे होतात. हिमवाहनांवरून आलेल्या एखाद्या मोठ्या जथ्याला ही वर्षाची मर्यादा ओलांडण्यास काही आठवडेच पुरतात. हंगाम लवकर बंद करणे, दैनिक संख्येवर मर्यादा घालणे, ठरावीक लांबीचे मासे परत सोडायला लावणे आणि काही सरोवरे हिवाळ्यात पूर्ण बंद ठेवणे, हे उपाय त्यातून आले. ऑन्टॅरिओतील अल्गॉनक्विन उद्यानात बर्फाखालील मासेमारीला मनाईच आहे. तेथील ब्रूक ट्राउट टिकून राहण्यात या नियमाचा वाटा मोठा आहे. परके मासे सरोवरात शिरू नयेत म्हणून जिवंत मासे आमिष म्हणून नेण्यावरही तेथे बंदी आहे.

टोरंटोच्या उत्तरेस सुमारे ६५ किलोमीटरवर असलेले सिमको सरोवर या विषयाचे बोलके उदाहरण आहे. सुमारे ७२० चौरस किलोमीटरांच्या या सरोवरावर हिवाळ्यात खोपट्यांची वस्तीच उभी राहते. भोवतालच्या शेती व शहरांतून आलेल्या फॉस्फरसमुळे विसाव्या शतकात तेथे शेवाळ माजले. ते कुजताना उन्हाळ्यात खोल पाण्यातील ऑक्सिजन संपू लागला आणि लेक ट्राउटची नैसर्गिक पैदास जवळजवळ थांबली. दशकानुदशके मत्स्यबीज सोडून मासेमारी चालू ठेवावी लागली. २००८ मध्ये या सरोवरासाठी स्वतंत्र संरक्षण कायदा करण्यात आला. पुढील वर्षीच्या आराखड्यात खोल पाण्यात प्रतिलिटर ७ मिलिग्रॅम ऑक्सिजन राखण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. सरोवरातच जन्मलेले लेक ट्राउट आता तेथे पुन्हा आढळू लागले आहेत. येथे लेक ट्राउटचा हिवाळी हंगाम १५ मार्चला संपतो आणि खोपटीही त्या तारखेपर्यंत हलवावी लागतात. प्रत्येक खोपट्यावर किमान ६.३ सेंटिमीटर उंचीच्या अंकांत नोंदणी क्रमांक रंगवलेला असतो. बर्फ फुटल्यावर तळाशी गेलेले खोपटे कोणाचे, हे त्यामुळे कळते. नियमांत वेळोवेळी बदल होतात, म्हणून प्रत्यक्ष जाण्यापूर्वी चालू वर्षाची शासकीय पुस्तिका पाहणे आवश्यक ठरते.

सुपीरियर सरोवरातील लेक ट्राउटचा ऱ्हास वेगळ्या कारणाने झाला. माशांना चिकटून रक्त शोषणारा सी लॅम्प्रे हा जलचर पंचमहासरोवरांत पसरल्याने, अतिमासेमारीच्या जोडीने, विसाव्या शतकाच्या मध्यास तेथील साठे कोसळले. १९५८ पासून लॅम्प्रेच्या डिंभांवर निवडक विषाचा वापर सुरू झाला आणि कित्येक दशकांच्या प्रयत्नांनंतर सुपीरियरमध्ये लेक ट्राउट स्वबळावर वाढू लागला.

परत सोडायच्या माशाबाबत हिवाळ्यात विशेष काळजी घ्यावी लागते. शून्याखालील हवेत त्याचे कल्ले व डोळे काही क्षणांत गोठू लागतात, आणि कोरड्या हिमावर टाकल्यास अंगावरील संरक्षक चिकट थर निघून जातो. छायाचित्रासाठी बर्फावर निजवलेला आणि मग पाण्यात सोडलेला मासा पोहत गेला तरी वाचलाच असे नाही.

आक्रसणारा हंगाम

उत्तर गोलार्धातील सरोवरांवर बर्फ धरण्याचा काळ कमी होत चालला आहे. जपानमधील सुवा सरोवराच्या गोठण्याच्या नोंदी तेथील शिंतो पुजाऱ्यांनी १४४३ पासून ठेवल्या असून, पूर्वी बहुतेक दर वर्षी गोठणारे ते सरोवर आता क्वचितच पूर्ण गोठते. २०२४ च्या फेब्रुवारीत पंचमहासरोवरांवरील बर्फाचे आच्छादन त्या काळासाठीच्या नीचांकी पातळीवर होते. याचा ट्राउटवर होणारा परिणाम दुहेरी आहे. हिवाळी मासेमारीचा ताण काही प्रमाणात घटतो. पण लांबलेल्या उन्हाळ्यात खोल पाण्यातील ऑक्सिजन अधिक काळ पुरवावा लागतो आणि थंड पाण्याचा थर पातळ होतो. माणसांच्या बाजूने पाहता, पूर्वी मार्चअखेरीस दिसणारा मेणबत्ती-बर्फ आता आधीच भेटू लागतो, आणि वडिलांनी सांगितलेल्या तारखांवर विसंबणे मुलांना धोक्याचे ठरते.

इतर देश व भारत

फिनलंडमध्ये साध्या काठीने बर्फातून मासे पकडणे हा प्रत्येकाचा हक्क मानला जातो व त्यासाठी शुल्क पडत नाही. मात्र काही संरक्षित पाण्यांना हा हक्क लागू नाही. स्कँडिनेव्हियातील डोंगराळ सरोवरांत ब्राऊन ट्राउट व आर्क्टिक चार हे वसंताच्या तोंडाशी पकडले जातात.

भारतात ब्राऊन ट्राउट ब्रिटिशांनी १९०० च्या सुमारास काश्मीरमध्ये आणला. पुढे हिमाचल प्रदेशात ट्राउटचा प्रसार झाला आणि निलगिरीत रेनबो ट्राउट रुजला. येथील ट्राउट मासेमारी मुख्यतः वेगाने वाहणाऱ्या डोंगरी प्रवाहांत गळाने केली जाते. अशा प्रवाहांवर माणसाचे वजन पेलणारी बर्फाची लादी धरत नाही.